उतू गेलेलं दूध

आज गॅसवर दूध उतू गेलं आणि त्या करपट वासानं मी आकुर्डीतल्या लहानपणीच्या अंगणात पोचले. सत्तर वर्षांपूर्वीची रथसप्तमी. आई गोवऱ्यांच्या विस्तवावर, बोळक्यात, सूर्यासाठी दूध उतू घालवत होती. आभाळ गच्च भरलेलं. आत दादा, माझे वडील, तापानं फणफणलेले.

मी चिडले. "सूर्य कुठं हाय? दूध दादांना दे की!"

आई हसली. "दिसत न्हाई म्हून आला न्हाई व्हय? मग उजाडलं कुणामुळं? देवाची माया बी अशीच असती, बाय."

बोळक्यात उरलेलं दूध तिनं दादांना पाजलं.

आता समोरच्या टोलेजंग इमारतीमागं आमचा सूर्य दिसत नाही. तरी ओटा पुसताना पाहिलं, उजेड होताच.