मामाजींनी भोंगा वाजवला

आमच्या मामाजींसारखा उतावळा माणूस ब्रह्मदेवाने दुसरा घडवला नसावा. घडवायला घेतलाच असेल, तर तो अर्ध्यावरच उठून चालू लागला असेल. मामाजी म्हणजे माझ्या आत्याबाईंचे यजमान. लग्नात मंगलाष्टकं संपायच्या आधी ते सगळ्या अक्षता उधळून मोकळे होत आणि पंगतीचं पान शोधू लागत. कुणाचं दुसरं वाक्य त्यांनी ऐकून घेतल्याचं मला आठवत नाही.

या माणसाच्या डोक्यात एकदा आलं, की जऊळक्याच्या स्टेशनामागची बंद पडलेली जिन घ्यायची आणि तिचं नाटकघर करायचं. जिथं एकेकाळी कापसातून सरकी निघे, तिथं आता राजाराणी! कारण आत्याबाई. तंबूतल्या नाटकाला बायांची जागा सगळ्यांत मागे, चिकाच्या पडद्याआड. राजा ओरडला एवढं कळे, का ओरडला ते कळत नसे. मामाजींनी भर ओसरीत जाहीर केलं, "या खेपेले तुले शब्द न् शब्द ऐकू येईन!"

झालं! जिनचे मालक, एक मुसलमान व्यापारी, हसत म्हणाले, "घेऊन जा किल्ल्या, कबुतरं तरी उडतीन." आम्ही सारे झपाटल्यासारखे कामाला लागलो. चुना लावला, ओटा बांधला, गोणपाटावर राजवाडा रंगवला. तालमीला राजाने "प्रधानजी!" म्हटलं आणि टिनाच्या छपरातून चार प्रधानजी खाली आले. मागून आत्याबाई ओरडल्या, "नुसतं घुमून राह्यलं! काईच समजत नाही!" मामाजींचा चेहरा इतका पडला, की मला भरून आलं.

तरी नाटकाचा दिवस उजाडला. घंटेने मामाजींचं काय भागणार! त्यांनी बॉयलर पेटवून दुपारीच जिनचा भोंगा वाजवला. दिवस कापसाचे. पार आमच्या बाजूच्या मालेगावपर्यंतच्या गावांना वाटलं, जिन सुरू झाली! संध्याकाळी अंगणात कापसाने भरलेल्या बैलगाड्यांची रांग.

"मंग भोंगा कायले वाजोला?" जिन बंदच आहे हे कळताच एक गाडीवान कडाडला. "हा कापूस आता तुमच्या डोक्यावर रिचवू?"

"अंदर रिचवा, बाप्पा! त्याच्यावरच बसा, नाटक पाहा, न् सकाळी भरून न्या!" मामाजींनी वेळ मारून नेली.

भिंतींना टेकून कापसाचे ढीग लागले. पडदा उघडला. राजा म्हणाला, "प्रधानजी!" आणि बाकीचे तीन कापसाने गिळले, एकच प्रधानजी ऐकू आला! चिकामागून बायांनी एकदम टाळ्या वाजवल्या. मामाजी मात्र आत नव्हतेच. एवढा कापूस आणि वर गॅसबत्त्या! दारात प्रत्येकाची विडी-काडी काढून घेऊन ते पाण्याची बादली हातात धरून जिनभोवती फेऱ्या मारत राहिले. नाटक त्यांनी पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी चुलीपुढे त्यांना सगळं नाटक करून दाखवलं. राजाचा आवाज, राणीचं रडणं, सारं. मामाजी मांडी घालून गप्प ऐकत होते. मधेच आत्याबाई दूध उतरवायला थांबल्या, तर हळूच म्हणाले, "मंग? राणी काय म्हणे?"

दोघंही आता नाहीत. पुढे मी पुण्यामुंबईची नाटकं चांगल्या खुर्चीत बसून पाहिली, पण त्या सकाळच्या नाटकाची सर एकालाही आली नाही.