सुनंदाची सही

सुनंदाला जाऊन दीड महिना झाला. हैदराबादहून फोन आला तवा मी देगलूरला घरी ज्वारी निवडत होते. "मावशी, ताईला दवाखान्यात नेलं, पण…" तिच्या शेजारची पोरगी सांगत होती. डाक्टर म्हणले, हार्ट बंद पडलं. चाळिशीतलं हार्ट असं कसं बंद पडतंय… मला अजून कळंना.

एकच लेक माझी. मालक लवकर गेले. लातूरकडं बांधकामावर घमेली उचलून मी तिला शिकवलं, ती इंजिनेर झाली. "नेमकं करतीस तरी काय गं?" म्हणलं की सांगायची, "माय, मोबाइलात नखाएवढी चिप असती. ती नकाशावर असतानाच मी बघते, चोराला शिरायला कुठं फट हाय का. एकदा चिप बनली की फट बुजवता येत न्हाई."

ते मला लगेच कळलं. स्लॅब टाकायच्या आधी आमच्यात सेंट्रिंगच्या फळ्यांवर पाणी ओततेत, खाली ठिपकलं की फट कळती. एकदा मला दिसली होती. मुकादम म्हणला, "तू घमेलं उचल, अक्कल नगं पाजळू." मी घमेलं उचललं. मंग तोच स्लॅब कच्चा निघाला, आम्ही बायांनी आठ दिवस घणानं फोडला.

तरी बी मी काय केलं? जायच्या आधी महिनाभर ती घरी आली न्हाई. फोनवर म्हणली, "सायेब म्हणतेत समदं ठीक हाय, नकाशावर सही कर. पण मला एक जागा खटकून राहिली."

"सायबाला उलटं बोलू नगं. सही कर आन् घरी ये."

"तू बी मुकादमच झालीस की, माय!" हसली अन् फोन ठेवला. पुढं काय केलं, मी इचारलंच न्हाई.

परवा तिच्या हापिसातले एक सर आले, नांदेडचेच हायत. आधी त्यांना तेच इचारलं, सही केली होती का तिनं?

"न्हाई, काकू. समदे लई चिडले होते तिच्यावर. शेवटी फट खरंच निघाली. नकाशा बदलावा लागला."

आता मला बरं वाटावं का वाईट? माझं ऐकून घरी आली असती, इसावली असती, तर जगली असती का… का तरी गेलीच असती? कुणाला इचारू?

सरांनी तिचं स्वेटर आणून दिलं. मशिनींसाठी तिथं लई गार ठेवतेत म्हणं. खुर्चीवर तसंच राहिलं होतं. टेबलावर टेकून टेकून डाव्या कोपराला भोक पडलंय. रोज शेजारणीकडून सुईत दोरा ओवून घेते, स्वेटर मांडीवर घेऊन बसते…

अजून शिवलं न्हाई.