मामांचा डोळा आणि अठरा मापं

माझे मामा शर्टांच्या कारखान्यात कटिंग मास्तर आहेत, आणि त्यांच्याइतका भाव खाणारा माणूस आमच्या खानदानात दुसरा नाही. कारण त्यांचा डोळा. कारखान्यातला जुना कॉम्प्युटर कागदावर साचे काढतो. त्या साच्यात कॉलर आखूड येते, आणि नेमकी किती आखूड, हे फक्त मामांना दिसतं. एका मापाला पाव इंच, दुसऱ्याला अर्धा, तिसऱ्याला अगदी बरोबर. मामा कागदाकडे बघून 'च्च' करतात, खडूने रेघ मारतात आणि कॉलर गळ्याला चपखल बसते. अठरा मापं, वीस वर्षं, टेपला हात न लावता. मालक येईल त्या पाहुण्याला हा खेळ दाखवतो. "मशीनला डोळा नसतो हो," असं वर म्हणतो. घरी दूध उतू जाताना हा डोळा कुठे जातो, हे मामीने बरेचदा विचारून पाहिलंय.

मध्यंतरी मालकाच्या कानावर 'व्हर्च्युअल मशीन' हे शब्द पडले. कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत पडले असावेत. वीस वर्षांत ज्याला त्या कॉम्प्युटरची धूळ पुसायला फुरसत झाली नव्हती, त्याला तो एका दिवसात नव्या युगात न्यायची घाई झाली. मी कॉम्प्युटरचीच कामं करते, म्हणून मामांनी माझं नाव सुचवलं. मला नवल वाटलं. आजवर त्या डब्यावर कुणी चहाचा कप ठेवला तरी मामा अंगावर धावून जायचे.

मालकाला मी सोपं करून सांगितलं. जुन्या कॉम्प्युटरची अख्खी प्रत काढायची आणि ती नव्या कॉम्प्युटरच्या आत चालवायची. जुन्या प्रोग्रामला पत्ताही लागत नाही की आपलं घर बदललंय.

"म्हणजे आत दोन कॉम्प्युटर? मग वीज दुप्पट?"

"नाही हो."

"आणि सगळं जसंच्या तसं येणार?"

"चुकांसकट," मी म्हणाले. मालक खो खो हसला. मामा हसले नाहीत.

सकाळी मी जुनी डिस्क काढून नव्याला जोडली आणि जेवणाच्या सुट्टीच्या आधी प्रत सुरूही झाली. पहिला साचा छापून आला. कॉलर आखूड. मालकाला आनंदाचं भरतं आलं. "बघा, चूकसुद्धा हुबेहूब! याला म्हणतात टेक्नॉलॉजी!" असं म्हणत तो जेवायला गेला.

मामांनी दार लावलं आणि माझ्यासमोर स्टूल ओढून बसले.

"ती चूक मशीनची नाही. माझी आहे," ते म्हणाले. "मुद्दाम केलेली."

वीस वर्षांपूर्वी हा कॉम्प्युटर आला, त्याच दिवशी मालकाने दोन मास्तरांपैकी एकाला घरी बसवलं. पुढचा नंबर आपला, हे ओळखून मामांनी कॉम्प्युटरमधला मापांचा तक्ता उघडला, अठरांपैकी बहुतेक मापांत वेगवेगळी चूक घातली, ती पाठ केली आणि तक्त्याला पासवर्ड लावला. बाकी सगळा अभिनय.

मला आधी रागच आला. लहानपणी या डोळ्याची फुशारकी मी अख्ख्या वर्गात मारली होती!

"मग आता काय झालं?"

"आता खरंच दिसत नाही गं. डोळ्याचा पडदा झिजलाय. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनचा उपयोग नाही. अर्ध्या इंचाच्या जागी पाऊण पडतो. गेल्या महिन्यात दोन लॉट परत आले. तिसरा आला तर विचार करावा लागेल, असं मालक म्हणालाय. इथून गेलो तर मी कोण? तक्ता सुधारावा, तर पासवर्ड विसरलो. आणि तीनदा चुकला की तक्ता पुसला जातो. दोनदा चुकून बसलोय."

स्वतःच्या पायावर इतका मोठा धोंडा इतक्या नीटनेटकेपणाने मारून घेतलेला माणूस मी पहिल्यांदा पाहत होते. पण मला हसू येईना.

"मामा, ही नुसती प्रत आहे," मी म्हणाले. "तक्ता पुसला गेला तर पुसला गेला. मी ही पुन्हा सकाळसारखी करते. हवं तेवढं चुका."

मग आम्ही चुकत बसलो. मामीचं नाव, मुलांच्या जन्मतारखा, घराचा नंबर, माझंसुद्धा नाव. तक्ता पुसला जायचा, मी प्रत पूर्ववत करायची, पुन्हा पहिल्यापासून. तिसाव्या खेपेनंतर मामांनी स्टूल मागे सरकवलं.

"लंबू टाकून बघ."

तक्ता उघडला.

"कोण लंबू?"

"तो दुसरा मास्तर. माझ्याहून चांगला हात होता त्याचा. मालकाने मला विचारलं होतं, दोघांतल्या कुणाला ठेवू. मी माझं नाव सांगितलं."

मामा पाठ असलेल्या चुका सांगत गेले आणि मी मापं एकेक करून नीट केली.

मालक जेवून आला तेव्हा सोबत दोन पाहुणे होते. मी साचा छापला. मामा वाकले, 'च्च' केलं आणि छापलेल्या रेघेवरून खडू फिरवला, कागदाला न टेकवता. कारागिरांनी त्या रेघेवर कॉलर कापली, शिवली, आणि ती चपखल बसली.

"लाखाचं मशीन आणा, व्हर्च्युअल करा, नाहीतर आणखी काही करा," मालक पाहुण्यांना म्हणाला, "पण हा डोळा कुठून आणाल?" पाहुण्यांनी माना डोलावल्या. मामांनी नम्रपणे खडू खिशात टाकला.

मी निघाले तेव्हा ते कठडा धरून जिन्यापर्यंत आले.

"खरं सांग, आता हे काम उद्या कुणालाही जमेल ना?"

"हो मामा."

"मालकाला सांगणार नाहीस ना?"

मी मान हलवली. ते तसेच माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले. मग माझ्या लक्षात आलं, की त्यांना माझी हललेली मान दिसली नव्हती.

"नाही सांगणार," मी म्हणाले.