पळसाखालचा निरोप

पळसाची फुलं उकळल्याचा वास आला की तो फाल्गुन आठवतो. बायको जाऊन दोन महिने झाले होते. तिच्या कुत्र्याला मी पहिल्यांदाच फिरायला काढलं, आणि कालव्याच्या कडेनं त्यानंच मला चार किलोमीटर नेलं. ऊन कोवळं होतं, गहू पिवळा पडला होता. खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. एका पळसाखाली तो थांबला. फुलं वेचणारी म्हातारी त्याला म्हणाली, "काय रे लबाडा, बाईंना कुठं सोडून आलास?" मग माझ्या हातात पिशवी दिली. "रंगासाठी हाय. बाईंना म्हणावं, लय वाट पाहिली." माझ्या तोंडून एवढंच निघालं, "सांगतो." आता कुत्राही नाही. तरी दर फाल्गुनात मी तेवढं चालत जातो. ती फुलं देते, निरोप देते, आणि मी "सांगतो" म्हणतो.