शेवंतीकाकींची मान

“मासळीची पाटी डोक्यावर नेणारी बाई स्वतःच डोक्यावर उभी. फोटो असा पाहिजे,” मॅनेजर रिसॉर्टच्या जाहिरातीसाठी आलेल्या फोटोग्राफरला सांगत होते. मी दोन पावलांवर मॅट अंथरत होते.

मालवणजवळच्या एका रिसॉर्टमध्ये मी योगा इन्स्ट्रक्टर आहे. तेव्हा प्रोबेशनवर होते. सकाळी आधी पाहुण्यांचा क्लास, मग गावातल्या बायकांचा. त्यात शेवंतीकाकी यायच्या. वय साठीच्या आसपास. हात टेकून उठल्या की त्या उजवा पंजा झटकायच्या. तीन दिवस मी ते पाहत होते. विचारलं तर म्हणाल्या, “मुंग्यो येतत गो. जातत आपोआप.”

मानेतली नस दबली की हाताला मुंग्या येऊ शकतात. अशा माणसाला शीर्षासन द्यायचं नाही, हे ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं. तरी मी काकींकडून त्याची तयारी करून घेत होते. मॅनेजरना ते आवडायचं.

“सर, त्यांना पद्मासनात बसवू या का?”

“मॅडम, पद्मासन प्रत्येक कॅलेंडरवर असतं.”

मी काकींकडे वळले. “मानेवर भार येईल, काकी.”

“तीस वर्सां डोक्यार पाटी घेवन फिरलंय. तेवा मोडली नाय, ती मान आता मोडतली?”

बायका हसल्या. मीही हसले, भीतीने.

पाटी जड झाली तर उतरवता येते. शीर्षासनात भार हातांनी आणि खांद्यांनी उचलायचा असतो. खांदे दमले की अख्खं शरीर मानेवर बसतं. आसन म्हणजे मुळात बसणंच. स्थिर, आरामात, श्वास मोकळा. श्वास अडकला की उरते ती कसरत.

काकींनी मॅटवर डोकं टेकवलं आणि मॅनेजरनी घोटे धरून त्यांचे पाय वर घेतले. काकींचे खांदे कानांना टेकले. पोट हलायचं थांबलं. उजव्या हाताची बोटं सैल पडली.

“काकी, जरा हसा,” फोटोग्राफर म्हणाला.

पुढे कणकवलीला एक्स-रे काढला, तेव्हा मणके झिजलेले निघाले. त्या क्षणी मात्र माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. धडा पाठ असून भागत नाही, तो वेळेवर तोंडातून निघावा लागतो. मी पुढे होऊन काकींचे पाय धरले.

“काकी, हळूहळू खाली या. सर, हा फोटो होणार नाही. यांच्या हाताला मुंग्या येतात, आणि मला ते तीन दिवसांपासून माहीत आहे.”