त्यांनी मला फोन केला नाही

प्रिय ईशान आणि मीरा,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर ईशानने विचारलं, की सांगलीच्या कॉलेजात आजोबांचं भूत दिसतं हे खरं का. मी विषय बदलला, कारण कुकर लावायचा होता, आणि कारण मला राग आला होता. नंतर तुमच्या बाबाने तो फॉरवर्ड मला पाठवला. पांढरा सदरा, हातात काठी, रात्री गेटवर उभे राहून ओरडणारे प्राध्यापक... आणि शेवटी हात जोडलेल्या इमोजींची रांग. तुमच्या आजोबांनी जन्मात काठी वापरली नाही, ते कुणावर ओरडले नाहीत, आणि पांढरा सदरा मी त्यांना घेऊच देत नव्हते, शाईचे डाग पडायचे.

म्हणून लिहिते आहे. जे झालं ते फॉरवर्डपेक्षा पुष्कळ साधं आहे, आणि माझ्या मते जास्त वाईट.

मी या गोष्टी मानत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. सगळी नोकरी मी साताऱ्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवण्यात घालवली. दाराला लिंबू-मिरची बांधली नाही. आजोबांच्या दहाव्याला संगम माहुलीला पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला. मी म्हटलं, कावळ्याला भूक नसेल. लोकांनी माझ्याकडे कसं बघितलं ते सोडा.

आता तुम्ही लहान होता म्हणून काही गोष्टी सांगायला हव्यात. आजोबा सांगलीला भूगोल शिकवायचे आणि माझी शाळा साताऱ्यात. त्यामुळे आमचा संसार शनिवार-रविवारचा. शनिवारी संध्याकाळी एसटीने यायचे, सोमवारी पहाटे जायचे. रिटायर झाल्यावर कायमचे घरी आले, म्हणजे मला तसं वाटलं होतं. खरं तर ते फोनवर आले.

त्यांचं एक वेड होतं, पाऊस मोजायचं. सरकारी आकडे तालुक्याचे असतात, गावाचे नसतात, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी जत, आटपाडी, माण, खटाव, फलटण, तिकडे कोयनानगर, जिथे जिथे त्यांचा जुना विद्यार्थी होता तिथे तिथे एक नरसाळं, एक बाटली आणि काचेचं माप पाठवलं. ती काचेची मापं जुन्या साड्यांत गुंडाळून मी पॅक करायचे. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला हे लोक माप बघायचे आणि त्यानंतर आजोबा हॉलमधल्या लँडलाइनवरून एकेकाला फोन लावायचे. हॅलो नाही, कसा आहेस नाही. थेट, “किती?” आणि मग दरवेळी तेच, “माप डोळ्यासमोर धर, वरून वाकून बघू नको.” माझा चहा झाकून ठेवलेला असायचा, तो गार व्हायचा.

ते गेले दोन दिवाळ्यांपूर्वी. लँडलाइन मी बंद केली. लाइनमनने येऊन भिंतीतून तार काढली, तिथलं भोक मी लांबी भरून बुजवून घेतलं.

पुढच्या उन्हाळ्यात सांगलीहून कदम आले. कदम आजोबांचे विद्यार्थी, आता तिथेच भूगोलाचे विभागप्रमुख. भला माणूस, पण समोरच्याचा आवाज वर चढला की टेबलाखाली जाईल असा. ते म्हणाले, स्टाफने ठरवलंय, सरांच्या नावानं निधी जमवायचा, आजी-माजी प्राध्यापक आणि विद्यार्थी मिळून. मी एकच अट घातली. त्यातून दरवर्षी दुष्काळी भागातल्या एका मुलीची भूगोलाची एम.एस्सी. व्हायला हवी. हारतुरे नकोत, शाल नको. कदमांनी मान डोलावली. स्टाफने पगारातून दिले, रिटायर झालेल्यांनी पेन्शनीतून. पावसाच्या मापवाल्यांनीही दिले, त्यातले काही तर मेंढरं विकून देणारे.

पहिली मुलगी कोण, हेही ठरल्यासारखंच होतं. आटपाडीकडची कोमल. वडील मेंढरं घेऊन वर्षातले निम्मे महिने बाहेर. बारावीत असल्यापासून ती गावचा पाऊस मोजत होती. आमच्या गच्चीवरचं माप मी तिलाच देऊन टाकलं होतं. कोल्हापूरला एम.एस्सी.ला तिचं नाव लागलं होतं. पण चुलत्याने एक स्थळ आणलं होतं, आणि फीची सोय झाली नाही तर श्रावण संपल्यावर बोलणी पक्की करायची, असं घरात ठरलं होतं.

आणि मग संस्थेच्या चेअरमनना कमान सुचली.

कॉलेजच्या दारात दगडी कमान, वर आजोबांचं नाव, खाली चेअरमनच्या वडिलांचं. ते स्वतः साताऱ्याला आले, माझ्या सोफ्यावर बसून त्यांनी ड्रॉइंग पसरलं. त्यांचं म्हणणं असं, की शिष्यवृत्ती कुणाला दिसत नाही, पोरगी शिकून निघून जाते, कमान शंभर वर्षं दिसते. मी म्हटलं, ज्या माणसाला साऱ्या नोकरीत कुणी दारात उभं केलं नाही, त्याला तुम्ही आता दारात टांगणार. ते हसले. चहा पिऊन, “मीटिंगला ठरवू मॅडम,” म्हणून गेले. निधीच्या कमिटीत त्यांची माणसं जास्त होती, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

मी शांत बसणारी नाही. मी ठरवलं, ज्यांनी ज्यांनी दिले त्यांना फोन करून विचारायचं, तुम्ही कशासाठी दिले, आणि ते मीटिंगमध्ये येऊन सांगाल का. सकाळी आंघोळ, पूजा उरकून बसले. पहिला फोन मापवाल्या बिरूला, जतच्या पुढे त्याची वाडी आहे. मी अर्धं वाक्य बोलले असेन, तर तो म्हणाला, “आवं बाई, सरांनी सांगितलंय की परवाच. कमानीला न्हाई म्हन, पोरीला दे.”

मला वाटलं, वय झालं, बोलताना काळ चुकला असेल. दुसरा फोन कोयनानगरला जगन्नाथला. हा मिलिटरीतून रिटायर झालेला, काळवेळेत चुकणारा नव्हे. तो म्हणाला, मॅडम, सकाळी रिंग आली, मी उचलला, पलीकडून ‘किती’. त्याने सवयीने आकडा सांगितला. सांगून झाल्यावर त्याला कळलं आपण कुणाशी बोलतोय. मग कमानीचं आणि मुलीचं, आणि फोन बंद.

तिसरीकडे तेच. फलटणला तेच.

भीती वाटली का म्हणाल, तर नाही. संताप झाला. हल्ली कॉम्प्युटरवर कुणाचाही आवाज काढता येतो म्हणतात. मला वाटलं, कुणीतरी माझ्या नवऱ्याचा आवाज चोरलाय, आणि तोही माझ्याच बाजूने, म्हणजे उद्या लोक मलाच विचारणार. मी कदमांना फोन करून असं झाडलं की ते मधे बोललेच नाहीत. माझं संपल्यावर अगदी हळू म्हणाले, “काकू, मलाही आला होता. तुम्ही रागवाल म्हणून बोललो नाही.”

मी पोलीस स्टेशनला गेले. हो, गेले. तिथल्या मुलीने नीट बसवलं, पाणी दिलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, आजी, तक्रार काय लिहू... मयत इसमाने फोन केला अशी? बरं, कुणाच्या मोबाइलवर त्या वेळचा कॉल दिसतोय का? तो कुणाच्याच मोबाइलवर दिसत नव्हता. मी आधीच सगळ्यांना शोधायला लावलं होतं. मग तिने विचारलं, यात तुमचं नुकसान काय झालं. ते मला तिथे सांगता आलं नाही. उठून घरी आले.

घरी येऊन परत बिरूला फोन लावला. त्याला खडसावून विचारलं, आवाज सरांचाच होता कशावरून. तेव्हा त्याने जे सांगितलं ते मी इथे जसंच्या तसं लिहिते. आजोबा गेल्यावरही हे सगळे लोक रोज पाऊस मोजत होते. आकडा मात्र कुणाला सांगत नव्हते, कारण विचारणाराच नव्हता. तर फोनवर आधी आकडा विचारला, बिरूने सांगितला, आणि पलीकडून उत्तर आलं, की तीन-चार दिवस तुझा आकडा कमी येतोय, नरसाळं बघ. बिरू पत्र्यावर चढला. नरसाळ्याच्या नळीत कुंभारणीने, म्हणजे मातीची घरं करणाऱ्या त्या माशीने, घर केलं होतं. नळी निम्मी बंद.

हे कुणाला माहीत असणार? वाडीत त्याची म्हातारी आणि तो.

मग मी एक प्रश्न विचारला, जो विचारायचा नाही असं ठरवलं होतं. माझ्याविषयी काही बोलले का.

“न्हाई बाई,” बिरू म्हणाला. बिचाऱ्याला खोटं बोलता येत नाही. “पाऊस आन् पोरगी, येवढंच.”

तुम्ही विचाराल, आजी, तू चिडलीस कशावर? ही बघा माझी तक्रार. आयुष्यभर हा माणूस आठवड्यातले पाच दिवस विद्यार्थ्यांचा होता. घरी आला तर सकाळ विद्यार्थ्यांची. आणि आता, जाऊनसुद्धा, जतला फोन, फलटणला फोन, त्या भित्र्या कदमला फोन. त्यांच्यासाठी चेअरमनशी भांडतंय कोण? ते ड्रॉइंग पसरून, चहा पिऊन गेल्यावर सोफा साफ करतंय कोण? माझा मोबाइल नंबर त्यांना पाठ होता. त्यांना पाठ असलेला तो एकच नंबर होता.

मीटिंग कॉलेजच्या लायब्ररीत झाली. दुपारची. मी साताऱ्याहून गाडी करून गेले. भिंतीवर कमानीचं ड्रॉइंग लावलेलं, पेढ्यांचा बॉक्स तयार, म्हणजे निकाल ठरलेला. चेअरमननी बोलायला सुरुवात केली तेवढ्यात एकेक जण येऊ लागला. बिरू, जगन्नाथ, फलटणचे, माणचे, मी ज्यांना फोन केला होता ते, आणि ज्यांना करायचा राहिला होता तेही. खुर्च्या संपल्या, मग भिंतीला टेकून उभे राहिले. चेअरमन म्हणाले, ही कमिटीची मीटिंग आहे. जगन्नाथ म्हणाला, पैसा आमचा आहे. एकेकाने पुढे येऊन सांगितलं, मी मुलीच्या शिक्षणाला दिले, कमानीला नाही. कदमसुद्धा उठले. उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, हे मान्य करायला हवं.

चेअरमननी विचारलं, हे तुम्हाला शिकवलं कुणी. माझ्याकडे बघून विचारलं.

“ज्यांच्या नावानं कमान बांदताय, त्यांनीच,” बिरू म्हणाला.

कुणीतरी हसलं. चेअरमननाही हसू आलं. म्हणाले, “मग बोलवा की त्यांनाच मीटिंगला. आमची कुठं ना हाय?” आणि विषय पुढच्या मीटिंगवर ढकलून निघून गेले. पुढची मीटिंग म्हणजे श्रावण संपल्यावर. कोमल मागे उभी होती. तिचा चुलता मला नमस्कार करून म्हणाला, बाई, तुमी लय केलं, आता पोरीचं नशीब.

त्या रात्री मी कदाचित पहिल्यांदाच आजोबांवर मनापासून चिडले. एवढ्या लोकांना फोन केले आणि जिला करायचा तिला केला नाही, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध तापवत होते, तर माझा मोबाइल वाजला. मी धावत हॉलमध्ये गेले, हे कबूल करते. चेअरमन होते. नेहमीचा आवाज नव्हता.

“मॅडम, आमच्या द्राक्षबागेत पाऊस मोजायचं माप हाय, हे कुणाला बोलला व्हता का तुमी?”

मला ते माहीतच नव्हतं. तसं सांगितलं.

“आता सकाळी फोन आला. किती म्हनून विचारलं. मी सांगितलं.”

मी विचारलं, मग पुढे काय म्हणाले.

“पुढं काय न्हाई.” मग एकदम म्हणाले, “पोरीचा चेक आज काढतो. कमान ऱ्हाऊ दे.”

पुढे काय झालं ते त्यांनी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. मीही विचारत नाही. पण तुम्ही माझ्या जागी उभे राहून बघा. चेअरमननासुद्धा फोन! एके काळी एक वर्ष आजोबांच्या वर्गात बसून कॉलेज सोडून गेलेला हा माणूस, माझ्या नवऱ्याला दगडात चिणायला निघालेला, त्याला फोन. आणि मला नाही. त्या दिवशी मी भाजीवालीशी कोथिंबिरीवरून उगाच भांडले.

तुमचा बाबा म्हणतो, दुःखात माणसांना भास होतात, एकाने सांगितलं की दुसऱ्यालाही तसं वाटू लागतं. मला हे पटायला हरकत नाही. पण नळीतल्या मातीचं काय? त्याच्यावर तो म्हणतो, योगायोग. इंजिनिअर आहे, त्याला काहीतरी म्हणायलाच हवं. कॉम्प्युटरचा आवाज म्हणावा तर कॉम्प्युटर पत्र्यावर चढून नरसाळं बघत नाही. मी पुष्कळ विचार केला. माझ्याकडे उत्तर नाही, आणि ज्याच्याकडे आहे असं तो म्हणेल त्याच्यावर तुम्ही विश्वास ठेवू नका.

दिवाळीच्या सुट्टीत कोमल कंदी पेढे घेऊन आली. बोलता बोलता तिने सांगितलं, तिलाही फोन आला होता. नुसतं ‘किती’ आणि माप डोळ्यासमोर धर, एवढंच. शिष्यवृत्तीचं अवाक्षर नाही. पैशासाठी नाटक करते म्हणतील म्हणून ती कुणाजवळ बोलली नाही. मी तिला माझी तक्रार सांगितली. तिने खूप गंभीरपणे विचार केला आणि म्हणाली, “बाई, तुमच्याकडं माप न्हाई ना. म्हनून विचारलं नसंल.” आमच्या गच्चीवरचं माप परत आणून देते म्हणाली. मी नको म्हटलं. नवऱ्याचा फोन यावा म्हणून मी पाऊस मोजत बसणार नाही.

तर ईशान, त्या फॉरवर्डला उत्तर म्हणून हे पाठव, किंवा पाठवू नको. गेटवर कुणीही उभं नसतं. कमान झाली नाही. कोमल एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि यंदा कोयनेकडची एक मुलगी निवडली आहे. बिरू, जगन्नाथ आणि बाकीचे रोज सकाळी पाऊस मोजतात आणि आता आकडे कदमांना कळवतात. चेअरमनना फोन आला त्या सकाळनंतर कुणालाही फोन आलेला नाही. शिष्यवृत्ती आहे, आणि माझा राग आहे.

तुमची,
आजी