चुलवाणाच्या तोंडाशी

सिंगापूरला आमच्या कॉन्डोमागच्या रानात उसाच्या जुन्या मळ्याचे आणि तिथल्या साखरेच्या भट्टीचे अवशेष होते. कोल्हापूरहून आलेल्या बाबांना ते दाखवायला नेलं, तर ‘आत जाऊ नका’ ही पाटी ओलांडून, चपला काढून ते थेट भट्टीच्या कमानीखाली शिरले. आमच्या गुऱ्हाळात चुलवाणापाशी, म्हणजे गुळाच्या भट्टीपाशी, कुणी चपला घालत नाही. पण इथल्या विटा नुसत्या झाडाच्या मुळांनी धरून ठेवलेल्या, आणि वरून माती गळत होती. माझं डोकंच फिरलं. त्यात माझा नोकरीचा पास रिन्यू व्हायचा होता. कुणी पाहिलं असतं तर?

“बाबा, बाहेर या,” मी दबक्या आवाजात दरडावलं.

बाबा काळ्या पडलेल्या विटा चाचपत राहिले.

“इथं जाळ घालायलाही माणसं लांबूनच आणली असणार,” ते म्हणाले. “तीही अशीच हळू बोलत असतील.”